पुरावा नही, तं रंग नही

जळगावच्या त्या फोटोच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसलेल्या तरुणाने मला साधाच प्रश्न विचारला होता. ब्लॅक अँड व्हाइटच ठेवायचा, का कलर करून देऊ? मी इतका वेळ गप्प राहिलो की मधल्या मधे त्याने एका मुलीचे पासपोर्ट फोटो काढले, कापले, पाकिटात घालून दिले आणि परत येऊन माझ्यासमोर बसला. मला ऐकू कमी येत असावं असं समजून त्याने तोच प्रश्न जरा मोठ्याने विचारला.

ऐकू आलं होतं. पण ज्या माणसाचा तो फोटो होता, त्याने आयुष्यभर हाच प्रश्न लोकांना विचारून त्यांना रडकुंडीला आणलं होतं. त्याच्या घरात मी बरीच वर्षं भाड्याने राहिलो. त्यामुळे मला हे पक्कं ठाऊक होतं, की या प्रश्नाचं उत्तर एकट्या माणसाने द्यायचं नसतं. दुसरा साक्षीदार लागतो.

त्यांना सगळे नाना म्हणत. धुळ्याच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल म्हणून लागलो आणि त्यांच्या वरच्या खोलीत राहायला गेलो. खाली रस्त्याच्या अंगाला त्यांचा स्टुडिओ, मागे बिऱ्हाड, आणि बाजूने वर येणारा लाकडी जिना. रंगीत फोटो तेव्हा सगळीकडे निघू लागले होते. पण घरातलं म्हातारं माणूस गेलं की भिंतीवर लावायला जो फोटो सापडायचा तो जुना, काळा-पांढरा असायचा. लोक तो मोठा करून घेत आणि वरून हाताने रंगवून घेत. हे रंगवणं नानांकडे होतं. छोट्या बाटल्यांतले पातळ रंग, कापसाचे बोळे, मांजराच्या मिशीएवढा बारीक ब्रश. ब्रशचं टोक ते जिभेने ओलं करत आणि काम थांबलं की ब्रश उजव्या कानावर अडकवत.

इथपर्यंत ते गावातल्या कुठल्याही फोटोवाल्यासारखेच होते. फरक पुढे होता. स्टुडिओच्या दाराशी त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती, की येथे पुराव्याशिवाय रंग भरला जात नाही. पाटी प्रमाण मराठीत होती. तोंडाने ते तीच गोष्ट अहिराणीत सांगत, "पुरावा नही, तं रंग नही."

गिऱ्हाईक वडिलांचा फोटो घेऊन आलं की नाना विचारत, कोट कोणत्या रंगाचा? गिऱ्हाईक म्हणे, निळा. नाना म्हणत, दुसरा कोण सांगेल? मग भाऊ, बहीण, चुलता असं कुणीतरी आणावं लागे. दोघांना एकत्र विचारलेलं चालत नसे. एकाला आत स्टुलावर बसवत आणि दुसऱ्याला बाहेरच्या बाकावर, कानावर काही पडणार नाही इतक्या लांब. आतल्याचा जबाब झाला की बाहेरचा आत. दोघांचा रंग जुळला तर भरायचा. नाही जुळला तर तेवढी जागा काळी-पांढरी ठेवून द्यायची. शेवटी प्रत्येकाला एक प्रश्न ठरलेला असे, "आखो काही?" म्हणजे आणखी काही सांगायचं आहे का. याचं उत्तर बहुतेक जण नाही म्हणून देत आणि उठत.

कधीकधी तिसरा तटस्थ माणूस लागे, म्हणजे पंच. त्यासाठी मला जिन्यातून हाक यायची, "ओ पंच, खाली या." मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. मी वाचत बसलेला असे. पुस्तकात खूण घालून खाली जायचो, अमुक माणसाने माझ्यासमोर टोपी पांढरी असल्याचं सांगितलं याला मान डोलवायचो आणि परत वर यायचो.

याचा परिणाम असा झाला की धुळ्यातल्या कितीतरी घरांत अर्धवट रंगवलेले पूर्वज लटकू लागले. हिरवा कोट आणि वर राखाडी टोपी. गुलाबी चेहरा आणि खाली नुसता धूर. कॉलेजातल्या एखाद्या सहकाऱ्याकडे मी चहाला गेलो की भिंतीकडे बघून मला कळायचं, या घरात टोपीवरून भांडण झालेलं आहे. जेवढा भाग राखाडी, तेवढे त्या घरातले भाऊ एकमेकांशी कमी बोलत. हे माझं निरीक्षण आहे, आणि दुसरा साक्षीदार नसल्यामुळे मी त्याचा आग्रह धरत नाही.

मागच्या पडद्याला मात्र पुरावा लागत नसे. जुन्या फोटोंत मागे एक तळं असायचं, त्यात बदकं, काठाला कमळं. ते नाना मनसोक्त रंगवत. मी एकदा विचारलं, की बदक पिवळं होतं हे कुणी सांगितलं? तर म्हणाले, "बदकले कोन वारस शे?" भिंतीवरच्या वडिलांचा कोट राखाडी राही आणि शेजारचं बदक हळदीने माखल्यासारखं तेजस्वी दिसे.

चेहऱ्याच्या रंगाबद्दलही ते कुणाला विचारत नसत. गेलेला माणूस प्रत्येक घरात गोराच असतो हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. ते समोर उभ्या असलेल्या मुलाच्या तोंडाकडे नीट बघत, त्याला दाराच्या उजेडात घेऊन जात आणि बाटल्या काढायला लागत. मुलगा सांगू लागला की वडील माझ्यापेक्षा उजळ होते, तर ते हात वर करून थांबवत. "राहू द्या. मुद्देमाल समोर उभा शे."

समोरच्या गल्लीत दुसरा स्टुडिओ होता. तो फोटोवाला म्हणाल ते रंगवून द्यायचा. आयुष्यात कुणाला वेळ न विचारलेल्या माणसाच्या हाताला सोन्याचं घड्याळ बांधायचा. पुष्कळ गिऱ्हाईक तिकडे जाई. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, त्यावरून रोज बोलत. अक्कांचं माहेर बोदवडकडचं, त्यामुळे त्यांची बोली वेगळी. नाना अहिराणीत चिडायचे आणि अक्का आपल्या बोलीत उत्तर द्यायच्या. दोघांनाही वाटे की समोरच्याला नीट बोलता येत नाही.

हे पुराव्याचं वेड कुठून आलं, याची एक गोष्ट नानांनी मला सांगितली होती. सोनगीरच्या अलीकडे त्यांचं गाव. तरुणपणी गावात बैल चोरीला गेला आणि साक्षीदार म्हणून नानांना कोर्टात उभं केलं. वकिलाने विचारलं, बैल कोणत्या रंगाचा? नाना म्हणाले, तांबडा. मग बैल कोर्टाच्या आवारात आणला, तर तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, चक्क बांडा. सगळं आवार हसलं. नाना म्हणाले, मी तांबडा म्हणालो तेव्हा मला तांबडाच दिसत होता. गोष्ट चांगली आहे. पण पुढे कधीतरी त्यांनी हीच गोष्ट सांगताना बैलाऐवजी बकरी सांगितली, त्यामुळे मी ती जमेस धरत नाही.

सोनगीरचा एक म्हातारा शेतकरी बायकोचा फोटो घेऊन आला होता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिचं तोंड कापून मोठं केलेलं. लुगडं हिरवं होतं म्हणाला. मूलबाळ नव्हतं, भावकी तुटलेली. दुसरा साक्षीदार कुठून आणणार? नानांनी त्याला परत पाठवलं. मी वरून ऐकत होतो आणि मला नानांचा राग आला. काही दिवसांनी म्हातारा डोक्यावर गोधडी घेऊन एसटीतून उतरला. बायको गेल्यावर तिच्या लुगड्याची त्याने गोधडी शिवून घेतली होती. नानांनी ती काउंटरवर पसरली, मला हाक मारली, टाके तपासले आणि वस्तुपुरावा म्हणून दाखल करून घेतली. आता भांडण असं, की धुऊन धुऊन विटलेला हा हिरवा धरायचा की नव्या लुगड्याचा. म्हातारा म्हणाला, असाच भरा, मना कडे आते असाच शे. नानांनी इतका फिकट हिरवा भरला की जवळ गेल्याशिवाय दिसू नये. गोधडी त्यांनी त्याच दिवशी परत दिली, पण त्याआधी अक्कांनी ती ओढून घेऊन तिचा उसवलेला कोपरा शिवला.

नानांची सगळ्यात गाजलेली सुनावणी धरणगावच्या सेठजींची. राजस्थानातून पिढ्यांपूर्वी आलेलं, सरकी-कापसाच्या व्यापारातलं घराणं. वडील गेले आणि तिघं भाऊ त्यांचा उभा फोटो घेऊन मोटारीने धुळ्याला आले. सोबत त्यांची आई, घूंघट घेऊन. समोरच्या गल्लीत न जाता ते नानांकडे का आले, तर भावांत वाटण्या चालल्या होत्या आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की या माणसाने भरलेल्या रंगावर नंतर कुणी बोट ठेवत नाही.

प्रश्न पगडीचा होता. थोरला आत बसून म्हणाला, केशरी. मधला म्हणाला, गुलाबी. धाकटा म्हणाला, पचरंगी, आणि वर हेही म्हणाला की थोरल्या भावाला रंगातलं काही कळत नाही, दुकानाचा बोर्ड बघा. हे बाहेर बाकावर ऐकू गेलं. बाक लांब ठेवला होता तरी. रस्त्यावर तीन भाऊ हातवारे करत पगडीवरून भांडू लागले आणि समोरच्या पानवाल्याने गिऱ्हाईक थांबवून ठेवलं. पगडीवरून पेढी निघाली, पेढीवरून कोणाचं लग्न किती थाटात झालं ते निघालं. मला पंच म्हणून खाली बोलावलेलं होतं. मी हातात पुस्तक धरून उभा होतो.

तेव्हा नाना आत गेले आणि त्यांनी आईला विचारलं. तोवर तिला कुणीच विचारलं नव्हतं. ती आपल्या मारवाडीत हळू काहीतरी बोलली. दुभाषी म्हणून आत बोलावलेल्या थोरल्याने ते ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. मराठीत सांगायला तो तयार होईना. नाना म्हणाले, साक्ष जशीच्या तशी आली पाहिजे.

"ती म्हणते," थोरला म्हणाला, "सासऱ्यांसमोर, जेठांसमोर सगळा जन्म मान खाली. पगडी मी कधी बघितली? मला जोडे विचारा."

नानांनी थोरल्यालाही बाहेर पाठवलं आणि जोड्यांचा रंग विचारला. लाल, ती म्हणाली. टोकाला पिवळी वेल. मग एकेक भावाला आत घेऊन विचारलं. तिघांनीही क्षणाचा विचार न करता सांगितलं, लाल, टोकाला पिवळी वेल. मधल्याने कारणही दिलं, की लहानपणी पाठीत बसलेला जोडा माणूस विसरत नाही. धाकट्याने तर वेल कोणत्या बाजूला वळलेली होती तेही दाखवलं. मग तिघं बाकावर शेजारी शेजारी बसले आणि कुणाला किती वेळा बसला यावर त्यांचं बोलणं सुरू झालं. थोड्या वेळाने ते हसत होते.

तो फोटो मी पाहिला आहे. धिप्पाड सेठ, काळी-पांढरी पगडी, काळा-पांढरा अंगरखा, आणि खाली पायांत लालभडक जोडे, पिवळ्या वेलीसकट. शेजारी अर्थातच पिवळं बदक. धरणगावच्या पेढीत तो लावला आणि पगडीच्या रंगाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही असं म्हणतात.

आता नानांच्या स्वतःच्या फोटोबद्दल.

त्यांचा एकही फोटो नव्हता. अक्का मागे लागल्या म्हणून एका डिसेंबरातल्या सकाळी ते पडद्यासमोर बसले. अक्कांनी विणलेला स्वेटर अंगात, डोक्यावर टोपी. कॅमेरा त्यांनीच लावला, उजेड त्यांनीच ठरवला, मला फक्त बटण दाबायचं होतं. मी दाबणार तेवढ्यात मागच्या अंगणातून अक्कांचा आवाज आला, की पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ विझला आणि भरताची वांगी कच्ची राहिली, माचिस कुठे ठेवली? नाना मान वळवून ओरडले, "मना खिशामा शे!" आणि मी दाबलं. फोटोत त्यांचं तोंड उघडं आहे, मान डावीकडे वळलेली आहे, आणि उजवा कान पूर्ण समोर आला आहे.

रोल काळा-पांढरा होता. फोटो धुऊन झाल्यावर अक्का म्हणाल्या, आता रंगवा. नाना म्हणाले, स्वेटर कोणत्या रंगाचा? अक्का म्हणाल्या, अंगात आहे तुमच्या, बघा. नाना म्हणाले, आज अंगात आहे तो त्या दिवशी होता कशावरून? अक्का म्हणाल्या, मी विणला. नाना म्हणाले, तो एक साक्षीदार झाला. मला त्यांनी पंच असल्यामुळे बाद ठरवलं. मुलगा तेव्हा शाळेत जाण्याएवढा, त्याची साक्ष लहान म्हणून चालेना. फोटो तसाच काळा-पांढरा दाराच्या मागे खिळ्याला लागला. अक्का येता-जाता त्यांना ऐकवत, की गावाला रंगवता आणि घरचा माणूस बिनरंगाचा लटकवता. आणि नाना म्हणत, पुरावा आण.

पुढे मी जळगावला आलो. नाना थकले, स्टुडिओत झेरॉक्सचं मशीन आलं, मग तेही बंद पडलं. दिवाळीला मी जाऊन यायचो. फोटो दाराच्या मागेच असायचा.

या थंडीत अक्कांचा फोन आला की नाना गेले. मी द्वारदर्शनाला गेलो. ओट्यावर सतरंजी होती, माणसं येत होती, थोडा वेळ खाली बघून बसत होती आणि उठून जात होती. मीही बसलो. अक्कांनी मला आत बोलावून दाराच्या मागचा तो फोटो काढून हातात दिला.

"भाऊ, जळगावले मोठा करून आना," त्या म्हणाल्या. "आन रंगीत. गंधमुक्तीले मले हे रंगीत पाहिजे. जिवंतपनी नाही ऐकलं माझं. आता तं ऐकतीन."

गंधमुक्ती म्हणजे सुतक फिटायचा दिवस. म्हणून मी त्या दुकानात होतो. आणि म्हणून गप्प होतो.

मी त्या तरुणाला विचारलं, की स्वेटरचा रंग कॉम्प्युटर कसा ठरवेल? तो म्हणाला, काका, त्याला सगळं कळतं, तो सोता ओळखतो. मी विचारलं, त्याने यांना पाहिलंय का? तो हसला आणि माझ्या खुर्चीकडे पंखा वळवला. मी म्हणालो, बरं, कॉम्प्युटर हा एक झाला, दुसरा कोण? यावर त्याने पंखा आणखी वाढवला. थंडीचे दिवस होते.

शेवटी मी दोन्ही करायला सांगितले. एक रंगीत, आणि एक जसा आहे तसा, खरखरीत कागदावर. दुसऱ्या दिवशी गेलो तर तरुण खूश होता. त्याने स्वेटर काढून टाकून नानांना निळा कोट आणि लाल टाय घातला होता. "आजकाल सगळे असंच करतात," तो म्हणाला. उघडं तोंड मिटवलं होतं. मागे तळं काढून हिमालय लावला होता. "आणि कानावर फंगस होतं मोठं, तेही क्लीन केलं. तुमचा तो दुसरा साधा केला ना, त्याच्यावर तसंच ठेवलंय."

नानांचा मुलगा आता सुरतेला असतो, कापडाच्या धंद्यात. त्याला फोनवर पाठवला तर त्याने लगेच अंगठा दाखवला आणि लिहिलं, मस्त दिसताय नाना. मी दोन्ही फोटो गुंडाळीत घेऊन धुळ्याला गेलो. तोही सुरतेहून परत आला होता.

अक्कांनी निळ्या कोटातला फोटो दोन्ही हातांनी धरला आणि दाराच्या उजेडात नेला. बराच वेळ पाहिला.

"हा कोन होय?" त्या म्हणाल्या.

मुलगा म्हणाला, माय, नाना. अक्का म्हणाल्या, हा बँकेतला कुणी दिसतो. मग त्यांनी तो पालथा ठेवला आणि दुसरा, साधा फोटो टेबलावर ठेवून माझ्याकडे बघितलं. याच्यात रंग भरा, म्हणाल्या. स्टुडिओच्या कपाटात बाटल्या आहेत. मुलगा म्हणाला, कोणता रंग, माय? आणि अक्का म्हणाल्या, यांच्याच कायद्याने होऊ द्या, म्हंजे वरून बोलायले जागा नको.

मुलाला मी बाहेरच्या बाकावर पाठवलं. तो पन्नाशीला आलेला, जाडजूड माणूस. गेला बिचारा. अक्का स्टुलावर बसल्या. मी विचारलं, स्वेटर? मरून रंगाचा, त्या म्हणाल्या. टोपी? काळी. स्वेटर आता कुठे आहे? तर तो त्यांनी बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला होता. त्या उठल्या आणि डबा घेऊन आल्या. त्यात शेंगदाणे होते. "हा पाहा," म्हणाल्या, "याच्यासाठी दिला." मला नानांचा चेहरा दिसला. डब्यावरून रंग सिद्ध होत नाही, हे मी शक्य तितक्या हळू सांगितलं.

"मंग मी काय खोटं बोलू राह्यली?" अक्का म्हणाल्या.

मी म्हणालो, नाही अक्का, पण साक्ष एकच आहे. आणि मग, सवयीने, म्हणालो, आखो काही?

अक्का डब्याचं झाकण लावत होत्या. म्हणाल्या, त्या निळ्या फोटोत कान पुसला आहे. त्यांचा कान असा नव्हता. गालाचा गुलाबी लावता लावता ब्रश कानावर ठेवायचे, तो रंग कधी गेलाच नाही. "जलमभर उशीचे अभ्रे धुतले मी. उजव्या बाजूले गुलाबी. साबन लावा, सोडा लावा, जातच नव्हतं." मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. धुवायला काही नव्हतं.

मुलगा आत आला. स्वेटर? तपकिरी. टोपी? नाना टोपी घालतच नसत, तो म्हणाला, आणि समोरच्या फोटोत टोपी दिसत होती. मला स्वतःला स्वेटर हिरवट आठवतो. मी बटण दाबणारा माणूस, सगळ्यात जवळ उभा. म्हणजे तिघांचे तीन रंग, आणि पंचाला तर साक्ष द्यायचाच अधिकार नाही. नानांच्या कायद्याने चेहरा सोडला तर सगळा फोटो राखाडी राहत होता. गंधमुक्ती दुसऱ्या दिवशी होती. स्वयंपाकघरातला नळ अजून चालू होता. अक्कांना हे जाऊन कसं सांगायचं याचा मी विचार करत होतो, आणि उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी मुलालाही तेच विचारलं. आणखी काही?

तो फोटोकडे बघत होता. "कान," तो म्हणाला.

"कानाचं काय?"

"शाळेत पोरं चिडवायची मले. तुना बाप एकच कानले लाली लावस." तो थोडा हसला. "मी घरी येऊन नानांशी भांडलो होतो, की पुसा म्हणून. त्यांनी घासला पण. मग लालच झाला आखो."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि नळ बंद केला. अक्का, म्हणालो, पुरावा जुळला.

बाटल्यांतले रंग वाळून तळाला चिकटले होते, चेहऱ्याचेसुद्धा. गुलाबीची बाटली मात्र थेंबभर पाण्याने जागी झाली. ब्रश अक्कांनीच घेतला. आम्हा दोघांना त्यांनी हात लावू दिला नाही. ब्रशचं टोक जिभेवर ओलं केलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, हे खात होते हे? मग फोटोवर वाकून उजव्या कानाला रंग भरला. ब्रशला पाणी जास्त झालं आणि थोडा रंग कानाखाली मानेवर ओघळला. मुलगा पुसायला गेला तर म्हणाल्या, राहू दे, तसाच होता.

मग मी विचारलं, की आता बदकाला पिवळा भरायचा का? फोटोच्या कोपऱ्यात पडद्यावरचं अर्धं बदक आलं होतं. अक्कांनी ते पाहिलं, पिवळ्याच्या बाटलीत पाणी घालून पाहिलं. ती काही जागी झाली नाही. बदकाला पहिल्यांदाच रंग मिळाला नाही.

गंधमुक्तीला पुष्कळ माणसं आली. फोटो टेबलावर, झेंडूचा हार घालून ठेवला होता. येणारा माणूस फूल वाहायला वाकायचा आणि तसाच थांबायचा. काळा-पांढरा नाना, तोंड उघडं, आणि एक कान पिकल्या बोरासारखा. कुणी म्हणालं, हार घालताना कुंकू लागलं वाटतं. एका बाईने पदराने पुसायला हात पुढे केला, तो अक्कांनी धरला. सुरतेहून आलेल्या एका पाहुण्याने मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, की आमच्याकडे हे फार स्वच्छ करून देतात.

दुपारी एक मोटार थांबली. काठी टेकत एक वृद्ध सेठजी उतरले. धरणगावच्या त्या तिघा भावांतले थोरले. मी ओळखलं, त्यांनी मला ओळखलं नाही. ते टेबलासमोर उभे राहिले, चष्मा वर केला, खाली केला. कानाकडे बराच वेळ बघितलं. मग अक्कांकडे वळून, सावकाश, अगदी व्यवहाराचं बोलावं तसं विचारलं, "साक्षीदार?"

अक्कांनी दोन बोटं वर केली. मग मला शोधलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. मी वर पहिल्यांदा राहायला आलो तेव्हा जिन्याखाली वाकून माझी ट्रंक उचलू लागलेले नाना, आणि मागच्या खिडकीच्या उन्हात गुलाबी पेटलेला त्यांचा एक कान, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं. अक्कांना ते कसं कळलं कोण जाणे. त्यांनी तिसरं बोट वर केलं.

सेठजींनी मान डोलावली, जोडे बाजूला काढले आणि फूल वाहिलं.